सिमेंटचे पत्रे कापताना घरभर धूळ झाली, आता काय करावे?

पत्र: आमचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. पडवी आणि मागची खोली यांवर सासऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी सिमेंटचे पत्रे घातले होते. या वर्षी वानरांनी उड्या मारून चार पत्रे फोडले. मे महिन्यात गवंड्याने तसेच नवे पत्रे आणून अंगणातच ग्राइंडरने कापले आणि भोके पाडली. दोन दिवस काम चालले होते. पांढरी धूळ स्वयंपाकघरातल्या फळीवरील भांड्यांपर्यंत आली होती आणि नऊ व पाच वर्षांची माझी मुले तिथेच खेळत होती. नंतर कळले की हे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात आणि त्याने कॅन्सर होतो. तेव्हापासून झोप लागत नाही. मुलांचे एक्स-रे काढावेत का? सगळे छप्पर काढून टाकावे का? पन्हळीतून टाकीत साठवलेले पावसाचे पाणी वापरावे का? फुटलेले पत्रे शेजारी गोठ्यासाठी मागत आहेत, ते द्यावेत का? सासरे मला हसतात. ते मुंबईत ॲस्बेस्टॉसच्याच एका कारखान्यात बरीच वर्षे होते. ते म्हणतात, आम्ही जन्मभर ही धूळ खाल्ली, आम्हाला काय झाले? त्यांना दोन वर्षे खोकला आहे, पण तो विड्यांचा असावा.

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि एक माहिती आहे. प्रश्न मुलांविषयी, छपराविषयी, पाण्याविषयी आणि शेजाऱ्यांविषयी आहेत. माहिती सासऱ्यांच्या खोकल्याची आहे, आणि ती शेवटच्या ओळीत विड्यांच्या खात्यावर टाकून तुम्ही मोकळ्या झाला आहात. माझ्या मते तुमच्या घरातून डॉक्टरांकडे पहिल्यांदा कोणाला न्यायचे असेल तर ते मुलांना नव्हे, सासऱ्यांना. असे का म्हणतो हे समजण्यासाठी ही धूळ शरीरात जाऊन काय करते ते आधी पाहावे लागेल. त्यातून मुलांविषयीची तुमची धास्तीही योग्य मापात येईल.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही आणि ताणाला चिवट असते, म्हणून सिमेंटला बळकटी देण्यासाठी ते त्यात मिसळतात. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, असतो; बाकीचा भाग सिमेंट, औष्णिक वीज केंद्रांतली राख आणि लगदा यांचा. पत्रा अखंड असेपर्यंत हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि अशा छपराखाली नुसते राहिल्याने श्वासात जाणारे प्रमाण फारच थोडे असते. पत्रा कापला, घासला, भोसकला किंवा फोडला की गोष्ट बदलते. ग्राइंडरची चकती मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत सिमेंटचे पीठ करते, त्या पिठातून तंतू सुटे होतात आणि उभे चिरत आणखी बारीक होतात. तुम्हाला भांड्यांवर जी पांढरी पूड दिसली ती जाड होती म्हणून तिथे बसली. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे तंतू तीन मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन् तास तरंगत राहतात.

असा लांब, बारीक तंतू वायुकोशात पोहोचला की शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात, परंतु तो त्यांच्यापेक्षा लांब असल्यामुळे त्यांना तो पुरता गिळता येत नाही. पेशी मरतात, दाह होतो, पुन्हा नव्या पेशी येतात, आणि हे वर्षानुवर्षे चालू राहते. त्यातून फुफ्फुसात व्रण साठत जाऊन ते कडक होते, या आजाराला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुफ्फुसावरचे आवरण जागोजागी जाड होऊ शकते, त्यात पाणी होऊ शकते. फुफ्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि स्त्रियांमध्ये बीजकोशाचा कर्करोग या तंतूंमुळे होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा एरवी क्वचित आढळणारा कर्करोग तर बहुतांशी ॲस्बेस्टॉसमुळेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. ‘पांढरा ॲस्बेस्टॉस चांगला, निळा तेवढा वाईट’ असे पत्र्यांच्या दुकानात अजूनही ऐकू येते. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा आणि तपकिरी प्रकार अधिक घातक आहेत हे खरे, परंतु त्यावरून पांढरा निर्धोक ठरत नाही. पन्नासहून अधिक देशांनी तोही बंद केला आहे. युरोपीय संघात २००५ पासून पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणकामाला नवे परवाने देणे आणि जुन्यांचे नूतनीकरण करणे थांबवले गेले, मात्र बाहेरून ॲस्बेस्टॉस आणून त्याचे पत्रे बनवणे आणि विकणे कायदेशीर आहे. जो माल आपल्या जमिनीतून काढायला नको, तो आयात करून गोरगरिबांच्या डोक्यावर घालायला चालतो, यातली विसंगती मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेली नाही.

आता मुलांकडे वळू. या आजारांचा हिशेब दोन गोष्टींवर चालतो: आयुष्यभरात एकूण किती तंतू श्वासात गेले आणि त्याला किती वर्षे झाली. ॲस्बेस्टॉसिस होण्यासाठी वर्षानुवर्षे दाट धुळीत काम करावे लागते. तो अंगणातल्या दोन दिवसांच्या कामाने होत नाही. कर्करोगाबाबत ‘याच्या खाली अजिबात धोका नाही’ अशी सीमारेषा दाखवता आलेली नाही, म्हणून मी तुम्हाला धोका शून्य आहे असे सांगणार नाही. परंतु धोका एकूण मात्रेबरोबर वाढतो, आणि दोन दिवसांची, तीही उघड्या अंगणातली मात्रा ही कारखान्यात किंवा बांधकामावर रोज धूळ घेणाऱ्या माणसाच्या तुलनेत नगण्य म्हणावी इतकी लहान आहे. मुलांचा एक्स-रे काढू नका. आज त्यात काही दिसणारच नाही, कारण बदल व्हायचेच असले तरी ते दिसायला किमान दहा-पंधरा वर्षे आणि कर्करोगाच्या बाबतीत वीस ते पन्नास वर्षे लागतात. गेलेले तंतू बाहेर काढणारे औषध, काढा किंवा वाफारा अस्तित्वात नाही. तसे कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. मुलांसाठी करण्यासारखे एवढेच की पुढे त्यांच्या आसपास असे काम होऊ द्यायचे नाही आणि ती मोठी झाल्यावर विडी-सिगारेटपासून त्यांना दूर ठेवायचे. दुसऱ्या गोष्टीचा ॲस्बेस्टॉसशी काय संबंध, ते सासऱ्यांच्या संदर्भात येईलच.

त्या दोन दिवसांत खरी धूळ घेतली ती तुमच्या गवंड्याने. तो प्रत्येक मे महिन्यात गावोगाव हेच काम करत असेल, तोंडाला फार तर रुमाल बांधून. हे तंतू रुमालातून सरळ आरपार जातात. त्याला हे कोणीतरी सांगायला हवे, आणि त्याला कामावर लावणारे घर म्हणून ते तुम्ही सांगितलेत तर तो ऐकण्याची शक्यता अधिक.

सासरे विचारतात, ‘आम्हाला काय झाले?’ प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर त्यांना समजेल अशा शब्दांत द्यायला हवे. पहिले म्हणजे, हे आजार नोकरी चालू असताना दिसतातच असे नाही; माणूस निवृत्त होऊन गावी येतो, आंब्याच्या बागेला पाणी घालू लागतो आणि मग घाटी चढताना दम लागायला सुरुवात होते. दुसरे म्हणजे, ज्यांना काही झाले ते ओट्यावर बसून तसे सांगायला उरलेले नसतात. कोकणातले चाकरमानी पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या कारखान्यांत राबले; त्यांच्यातले कितीतरी साठीच्या आत ‘दम्याने’ किंवा ‘टीबीने’ गेल्याचे घरोघरी सांगतात, आणि त्यांच्या छातीत नेमके काय होते याची नोंद कोणी केली नाही. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी करून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तपासलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एका कामगाराला ॲस्बेस्टॉसिस आढळला होता. ही माणसेही चालती-फिरती होती.

खोकला विड्यांचा असेलही. परंतु विडी आणि ही धूळ यांची खाती वेगळी ठेवता येत नाहीत. अमेरिकेतील इन्सुलेशन (उष्णतारोधक आवरण बसवणाऱ्या) कामगारांच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की फक्त ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट होता, फक्त धूम्रपान करणाऱ्यांना सुमारे अकरापट, आणि दोन्ही असणाऱ्यांना पन्नासपटीहून अधिक. पाच आणि अकरा मिळून सोळा व्हावेत, तर इथे जवळपास गुणाकार झाला. याचा दुसरा अर्थ असाही आहे की विडी आज सोडली तर या वयातही धोका कमी होऊ लागतो. कारखान्यात गेलेली वर्षे परत घेता येत नाहीत. विडीचे बंडल अजून त्यांच्या खिशात आहे. त्यांना फक्त ‘विड्या सोडा’ म्हटले तर ते पुन्हा हसतील, पण त्यांच्या कारखान्याचा संदर्भ देऊन, या आकड्यांसह, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवले तर फरक पडू शकतो.

म्हणून त्यांना छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे न्या. जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत काम केले, कोणत्या खात्यात केले (पोती फोडून कच्चा माल ओतण्याचे, पिंजण्याचे, विणण्याचे, कापण्याचे की रवाना करण्याचे), मास्क मिळत होता का, विड्या किती वर्षे आणि रोज किती. हा कागद तुम्ही दिला नाही तर गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे प्रश्न विचारले जातीलच असे नाही, आणि कारखान्याचा इतिहास माहीत नसताना एक्स-रेमधल्या खालच्या भागातील जाळीदार सावल्यांचा अर्थ वेगळाच लावला जाऊ शकतो. डॉक्टर पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून श्वास घेताना येणारा बारीक करकर आवाज ऐकतील, बोटांची टोके फुगली आहेत का ते पाहतील, छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारण्याची स्पायरोमेट्री चाचणी करतील. गरज वाटली तर छातीचा एचआरसीटी, म्हणजे अधिक बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन सांगतील. तो सासऱ्यांच्या बाबतीत सार्थ ठरू शकतो. दोन वर्षांचा खोकला असल्यामुळे थुंकीची क्षयरोगासाठीची तपासणीही व्हायलाच हवी, ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. थुंकीतून रक्त पडणे, एका बाजूला सतत दुखणे, वजन उतरणे किंवा आवाज बसून न सुटणे यांपैकी काही असेल, तर पावसाची उघडीप बघत बसू नका, लगेच निघा.

ॲस्बेस्टॉसिस निघाला तर तो पूर्ण बरा करणारा उपचार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी लाखभर रुपये घेऊन तसे आश्वासन दिले तर तुम्ही फसणार नाही. परंतु धूम्रपान सोडणे, फ्ल्यू आणि न्यूमोनियाच्या लसी, श्वसनाचे व्यायाम, गरज पडल्यास ऑक्सिजन आणि नियमित तपासणी यांनी पुढची वर्षे बरीच सुसह्य होतात. निदान झाले तर त्याला कायदेशीर बाजूही आहे. ॲस्बेस्टॉसिस, तसेच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदवलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावले होते की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जपून ठेवाव्यात. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचेही त्याच निकालात म्हटले आहे. कारखाना बंद पडून त्या जागी टॉवर उभा राहिला असेल तर या नोंदी मिळवणे अवघड जाते, हे अनुभवाचे आहे. त्यामुळे ट्रंकेतले जुने ईएसआयचे कार्ड, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, युनियनची पावती, हजेरीचा बिल्ला, जे हाती लागेल ते एका पिशवीत घालून ठेवा. त्याच खात्यात काम केलेले कोणी आजूबाजूच्या वाडीत असतील तर त्यांनाही तपासणीला सोबत घ्या. एकट्याच्या दाव्यापेक्षा चौघांच्या दाव्याला वजन असते आणि एकमेकांच्या नोकरीची साक्षही देता येते.

आणखी दोन माणसांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. नोकरीच्या काळात सासूबाई मुंबईच्या खोलीत सासऱ्यांबरोबर राहत होत्या का, आणि तुमचे यजमान लहानपणी तिथेच वाढले का? कामाचे कपडे घरी येत असतील आणि सासूबाई ते झटकून, मग मोरीत चोळून धूत असतील, तर ती धूळ त्यांच्याही श्वासात गेलेली आहे. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमाच्या रुग्णांमध्ये अशा बायका सापडल्या, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकले नव्हते, फक्त घरच्या कामगाराचे कपडे धुतले होते. सासूबाईंना त्रास नसेल तर घाबरवून सोडण्याची गरज नाही. परंतु सासऱ्यांबरोबर त्यांनाही डॉक्टरांकडे न्यावे आणि हा तपशील सांगावा. यजमानांनी एवढेच करावे की कधी छातीच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे जायची वेळ आली तर लहानपणीचा हा संदर्भ विसरू नये.

छपराबद्दल माझे मत असे की जे पत्रे अखंड आहेत ते घाईने काढू नका. भीतीपोटी सगळे छप्पर उखडले तर मे महिन्यात झाली त्याहून कितीतरी अधिक धूळ होईल. पत्रे खरोखर ॲस्बेस्टॉसचे आहेत का, हे पाहायचे असेल तर नव्या पत्र्यांवरचा शिक्का वाचा: भारतीय मानक ४५९ हे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचे आहे, तर १४८७१ हे ॲस्बेस्टॉस नसलेल्या तंतू-सिमेंटच्या पत्र्यांचे. वीस वर्षांपूर्वीच्या पत्र्यांवर शिक्का उरला नसेल तर ते ॲस्बेस्टॉसचेच आहेत असे धरून चाला. दर वर्षी खालून नजर टाका: तडे, सुटलेल्या कडा, बोल्टच्या भोवती पडलेल्या भेगा, पृष्ठभागाचे भुसभुशीत होणे. शेवाळ तारेच्या ब्रशने किंवा जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने कधीही खरवडू नका. कोकणात पावसाळ्यानंतर हे सर्रास करतात आणि त्यात पृष्ठभागावरचे सिमेंट निघून तंतू उघडे पडतात. आतल्या बाजूने चांगला ॲक्रिलिक रंग दिला तर सुटणारे कण धरून राहतात. त्यासाठीही आधी घासायचे नाही, ओल्या फडक्याने हलके टिपून रंग द्यायचा.

वानरांचा बंदोबस्त मात्र करायला हवा. ती दर वर्षी चार-चार पत्रे फोडत राहिली तर छप्पर ‘अखंड’ राहण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि मग टप्प्याटप्प्याने पत्रे बदलणे हाच शहाणपणा. पडवीसाठी रंगीत लेप दिलेला लोखंडी पत्रा वानराच्या उडीने फुटत नाही. तो तापतो, पावसात कानठळ्या बसवतो आणि समुद्राजवळ लवकर गंजतो, पण संगमेश्वर किनाऱ्यापासून आत आहे. मंगलोरी कौले गारवा देतात, मात्र वानरांपुढे त्यांचीही खैर नसते. ॲस्बेस्टॉस नसलेला तंतू-सिमेंटचा पत्रा थोडा महाग पडतो आणि तालुक्याच्या दुकानात मागवून घ्यावा लागू शकतो. माझ्या मते लोखंडी पत्र्याखाली बांबूच्या चटईचे किंवा साध्या प्लायचे अस्तर हा तुमच्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग आहे.

जुने पत्रे उतरवण्याची वेळ येईल तेव्हा कर्करोगाच्या आधी एका अधिक जवळच्या धोक्याची आठवण ठेवा. सिमेंटचा जुना पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो, आणि त्यातून खाली पडून पाठीचा कणा मोडलेली किंवा जीव गमावलेली माणसे प्रत्येक तालुक्यात सापडतील. पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही. वाशांवर टेकतील अशा लांब, जाड फळ्या टाकून त्यांवरूनच काम करायचे, शक्य तेथे आतून शिडी लावून. कामाच्या दिवशी मुले आणि वयस्कर मंडळी दुसऱ्या घरी जावीत. भांडी, धान्य, अंथरुणे झाकून ठेवावीत. पत्रे आधी पाण्याने हलके भिजवावेत, त्या पाण्यात चमचाभर साबणाची पावडर घातली तर पाणी आत मुरते. हुक-बोल्ट गंजले असतील तर बोल्ट कापावा, पत्रा फोडू नये. एकेक पत्रा अखंड खाली उतरवावा, वरून टाकू नये. काम करणाऱ्याला कडा घट्ट बसणारा पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क द्या. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क उपयोगाचा नाही. ग्राइंडर तर अंगणात येऊच देऊ नका. बाजारात पत्रे दीड मीटरपासून तीन मीटरपर्यंत निरनिराळ्या लांबीत मिळतात, त्यामुळे आधी माप घेऊन योग्य लांबीचा पत्रा आणला तर कापण्याची गरजच बहुधा पडत नाही. काम झाल्यावर अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, जुनेच असतील तर ते फेकलेल्या पत्र्यांबरोबर बांधून टाकावेत.

मे महिन्यातली धूळ अंगणातून आतापर्यंत पावसाने धुऊन गेली असेल, परंतु घरात माळ्यावर, वाशांच्या वरच्या बाजूला, कपाटांच्या डोक्यावर ती अजून बसलेली असू शकते. दिवाळीची साफसफाई करताना तिथे केरसुणी किंवा झटकणी मारू नका, व्हॅक्यूम क्लिनरही वापरू नका; तो बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. ओल्या फडक्याने टिपा, फडके बादलीत पिळून पुन्हा न वापरता ओले असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका. भांडी तुम्ही तेव्हाच धुतली असतील, त्यांची काळजी सोडा.

पावसाच्या टाकीबद्दल फार विचार करू नका. गिळलेल्या ॲस्बेस्टॉसमुळे आजार होतो याचा सुसंगत पुरावा नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादाही ठरवलेली नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सोडून द्या आणि पिण्यासाठी विहिरीचे पाणी वापरत असाल तर तेच वापरा; साठवलेले पाणी धुण्या-भांड्यांना, झाडांना चालेल. टाकीच्या तळाचा गाळ मात्र सुकवून झाडू नका, ओला असतानाच काढा.

राहिले ते फुटलेले चार पत्रे. असा कचरा उद्योगांकडून स्वीकारून नियमानुसार गाडणारी केंद्रे आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत, परंतु संगमेश्वरच्या एखाद्या घरातून चार पत्रे उचलून नेईल अशी सोय सहजासहजी मिळत नाही, हे मान्य करायला हवे. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा. विचारणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय ही सोय होणार नाही. तोवर तुकडे भिजवून, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नये’ असे लिहून, पायाखाली येणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवा. वाटेवर चिखल होतो म्हणून त्यांचे तुकडे अंथरणे, कुंपणाला लावणे, चुलीजवळ आडोसा करणे हे सगळे टाळा, कारण पायाखाली आणि चाकाखाली ते रोज थोडे थोडे दळले जातात.

शेजाऱ्यांना हे पत्रे देऊ नका. फुटके पत्रे गोठ्यावर बसवायचे म्हणजे ते पुन्हा कापावे लागतील, पुन्हा भोके पाडावी लागतील, आणि ती धूळ तुमच्याच कुंपणापलीकडे उडेल. नुसते ‘नाही’ म्हटले तर शेजाऱ्यांना तो कंजूषपणा वाटेल, म्हणून कारण सांगा, आणि जमल्यास भंगारवाल्याकडचे वापरलेले लोखंडी पत्रे त्यांना मिळवून द्या. चार गुरांच्या गोठ्याला ते पुरतात आणि त्यांचे भाव फार नसतात.